सात नंबरच्या टॅबलेटचा पंचनामा

रंजिता भिकन महाजन हिला मी आयटीआयत दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि दोन्ही वर्षं तिच्यावर वैतागलो. इतर पोरं अर्ध्या तासात सर्किट जोडून चहाला पळायची. ही अजून पहिल्याच वायरीवर. एक वायर जोडायची, मीटर लावायचं, वहीत आकडा लिहायचा, पुढची वायर जोडायची, की पुन्हा पहिलीपासून मोजणी सुरू. तिच्या अंतिम शेऱ्यात मी लिहून टाकलं होतं: काम अचूक, गती फार कमी. पीथमपूरच्या एका कारखान्याने तोच शेरा वाचून तिला परत पाठवलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलंही नव्हतं.

आता मी निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात बसलोय आणि वेळ भरपूर आहे. तिची गोष्ट मीच सांगायला हवी. दुसरं कोणी सांगेल तर मास्तरची लाज राखायला तो शेरा गाळून सांगेल.

तिचे वडील भिकनआप्पा खकनार तहसिलीत पटवारी होते. महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात, तोच आमच्याकडे मध्य प्रदेशात पटवारी. कचेरीत खुर्चीवर बसून नोंदी करणारे पटवारी मी पुष्कळ पाहिले. आप्पा त्यातले नव्हते. कोणीही कसलाही कागद पुढे केला की त्यांचा एकच प्रश्न, "मौका पाह्यला का?" मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. खसऱ्यात, म्हणजे शेताच्या नोंदवहीत, केळी लिहिलेली असेल तर त्या शेतात जाऊन उभं राहायचं आणि तिथे केळीच आहे की कापूस, ते डोळ्यांनी बघायचं. मग गावातल्या दोन पंचांना ते दाखवायचं, जागेवरच पंचनामा लिहायचा आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. आई शाळेत शिकवायला गेली की लहानगी रंजिता आप्पांच्या मोपेडवर मागे बसून शिवारं पालथी घालायची. तिची गती का कमी आहे, हे मी जरा तिच्या घरी चौकशी केली असती तर तेव्हाच कळलं असतं.

गेली तीन वर्षं ती बुऱ्हाणपुरातच, लालबागेतल्या घरी बसून इंदूरच्या एका संस्थेचं काम करते. या संस्थेने आमच्या भागातल्या शाळांना चार हजार टॅबलेट दिलेत. टॅबलेट बनवणारी कंपनी वर्षभरात धंदा गुंडाळून पसार झाली आणि टॅबलेट पोरके झाले. पण त्यांचा बूटलोडर जगभरातली जाणकार मंडळी हौसेने सांभाळतात, म्हणून ते अजून चालतात.

बूटलोडर म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्राम. जागा होतो तेव्हा बिचाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. स्क्रीन कुठे जोडलाय, मेमरी किती आहे, कोणत्या चिपला किती व्होल्ट द्यायचे, सगळं त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. तो त्या फाइलीवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. फाइलीत चूक असली तर तो ती चूक अगदी इमानदारीने करतो. या फाइलीत कोणी बदल सुचवला की तो ईमेलने सगळ्यांसमोर येतो, बाकीचे तो तपासतात, आणि ज्यांनी तपासला त्यांची नावं त्या बदलाखाली कायमची राहतात. रंजिताचं काम हेच, बदल तपासायचं. तिने आप्पांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे टॅबलेटचा खसराच की," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी असाच एक बदल आला. जर्मनीतल्या योहान नावाच्या माणसाने पाठवलेला. वीस वर्षं याच कामात मुरलेला माणूस. बदल फक्त एका आकड्याचा होता. टॅबलेटमधल्या साठवणीच्या चिपला फाइलीप्रमाणे १.८ व्होल्ट मिळत होते, ते ३.३ करायचे. कारणही चोख दिलं होतं: बरेच टॅबलेट चालू करताना लोगोवरच अडकतात, आणि कंपनीच्या सर्किटच्या मूळ नकाशात या चिपला ३.३ व्होल्टच दाखवलेत. तपासणाऱ्या बाकीच्या दोघांनी त्याला ठीक म्हणूनही टाकलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी बदल पक्का होणार आणि सोमवारी इंटरनेटवरून आपोआप चारही हजार टॅबलेटमध्ये उतरणार.

रंजिताने आपल्याजवळचा टॅबलेट उघडला. चिपवर बारीक अक्षरांत छापलेला नंबर भिंगाखाली वाचला. ती चिप १.८ व्होल्टचीच होती. तिला ३.३ दिले असते तर ती जळून गेली असती, आणि मग त्यावर इलाज नाही. बूटलोडर त्याच चिपमध्ये, पोरांचे धडे त्याच चिपमध्ये. टॅबलेटची पाटी होऊन बसली असती, आणि तीही न लिहिता येणारी.

तिने लगेच हरकत नोंदवली. योहानचं उत्तर सभ्य होतं, पण ठाम. एका टॅबलेटवरून काही सिद्ध होत नाही, कदाचित तुमच्याकडच्या टॅबलेटमध्ये कोणी चिप बदलली असेल, माझ्याकडे कंपनीचा नकाशा आहे, शुक्रवारपर्यंत आणखी काही पुरावा असेल तर जरूर पाठवा.

इंदूरहून तिच्या वरिष्ठाचा, मोहितचा फोन आला. "रंजिता मॅडम, शाळावाले रोज फोन करके दिमाग खा रहे हैं, लोगोवर अटकतो म्हणून. इतका बडा आदमी बोल रहा है, तर तुम्ही पण ओके लिहून द्या ना. बात खतम."

"मौका बघितल्याशिवाय नाही, सर," ती म्हणाली.

"कसला मौका?"

"टॅबलेटचा."

मोहितने पुढे काय म्हटलं ते तिने मला सांगितलं नाही. पण त्यात करार, नूतनीकरण आणि पुढचा महिना हे शब्द होते, एवढं आप्पांकडून कळलं.

बुधवारी सकाळी ती माझ्या दारात. "सर, दोन दिवस तुमची गाडी पाहिजे. आणि तुमचं मीटर. माझं स्वस्तातलं आहे, कोणी त्याच्यावर बोट ठेवेल." मी खरं तर गुडघा शेकत बसलो होतो. पण माझ्या मीटरबद्दल कोणी चांगलं बोललं की माझा नकार टिकत नाही. मी चावी उचलली.

पंचनाम्याचा मसुदा आप्पांनी आदल्या रात्रीच लिहून दिला होता. तारीख, गाव, शाळा, टॅबलेटचा क्रमांक, चिपवरचा नंबर, मीटरचा आकडा, पंचांच्या सह्या. निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीत हात ठेवून बजावलं, "पंच घरचा नको. आन् आकडा पंचाने सोता वाचला पायजे. तू सांगशीन आन् तो सही करीन, तो पंचनामा नही."

मला हसू आलं. जर्मनीच्या माणसाला पटवाऱ्याचा पंचनामा दाखवून ही पोरगी काय साधणार आहे, असं मनात म्हणालो. तोंडावर म्हणालो नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

बुधवारी चांदनी गावच्या शाळेत दोन टॅबलेट उघडले, गुरुवारी सकाळी खकनारला चार. सगळीकडे १.८ व्होल्ट. गुरुजी, शिपाई, एका ठिकाणी ग्रामपंचायतीचा सचिव, जो सापडेल तो पंच. डोईफोडियाला पोहोचलो तेव्हा दुपारचं जेवण उरकलं होतं आणि रंजिताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच घाई दिसत होती. सहाचे सहा तिच्या बाजूने होते. आणखी एक-दोन मोजायचे आणि परत फिरायचं, असं ठरलं.

डोईफोडियाच्या शाळेत साठ टॅबलेट. मुख्याध्यापिका शीतल मॅडमनी ते कपाटातून काढून दिले आणि पंच म्हणून मालूबाईंना बोलावलं. मालूबाई शाळेत मुलांचा स्वयंपाक करतात. चौथी शिकलेल्या. त्या पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि टेबलाजवळ अशा उभ्या राहिल्या की जणू त्यांनाच मोजायचं आहे.

सातवा टॅबलेट. रंजिताने मागचं झाकण उचकटलं, टॅबलेट चालू केला आणि बूटलोडरने फाइल वाचण्याआधीच थांबवून ठेवला, म्हणजे कारखान्याने त्या चिपसाठी लावून दिलेले व्होल्टच मीटरवर दिसतात. मी मीटरच्या दोन्ही काड्या ठरलेल्या ठिपक्यांवर टेकवल्या. टेकवल्या, आणि खिडकीबाहेर एक शेळी मॅडमची तुळस खात होती तिच्याकडे बघू लागलो. रंजिता कागदावर लिहीत होती. सहा वेळा जे लिहिलं तेच सातव्यांदा तिच्या हाताने लिहून टाकलं, आणि कागद सहीसाठी मालूबाईंपुढे सरकवला.

मालूबाईंनी कागद पाहिला, मग वाकून मीटर पाहिलं, मग पुन्हा कागद. "पोरी, तू एक लिह्यलं. इथं तीन दिसू राह्यलं."

"मावशी, तो पॉइंटच्या नंतरचा…"

"पॉइंट मले समजतो, दूधवाल्याच्या काट्यावर रोज पाह्यते. आधी तीन हाये, मंग पॉइंट, मंग परत तीन. मी सही नही करनार."

मी मीटरकडे बघितलं. ३.३. काड्या माझ्या हातात, मीटर माझं, एकतीस वर्षांची मास्तरकी माझी. आणि आकडा वाचला तो खिचडी वाढून आलेल्या बाईने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रंजिता चिपचा नंबर वाचायला वाकली. तो वेगळा होता. ही चिप खरोखरच ३.३ व्होल्टची होती, म्हणजे योहानचा नकाशा खोटा नव्हता.  हा सातवा टॅबलेट पंचनाम्यात गेला, तर तिकडची मंडळी म्हणणार, बघा, तुमच्याच पुराव्यात आमचा आकडा निघाला. आणि सोमवारी बदल उतरणार.

आणि इथे मी जे बोललो ते सांगायलाच हवं. मी हळूच म्हणालो, "रंजिता, हा एक गाळ. सहा पुरे आहेत. टॅबलेट वाचणं महत्त्वाचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सर, हा गाळला तर मी पण नकाशाच बघत बसले की," ती म्हणाली. तिने चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी ३.३ लिहिलं आणि खाडाखोडीजवळ आपली सही केली. मालूबाईंनी पुन्हा एकदा मीटर वाचलं आणि मगच खाली नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

"आता जमतील तेवढे उघडू या," रंजिता म्हणाली. तिची घाई गेली होती. ती पुन्हा ती आयटीआयतली मुलगी झाली होती आणि या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत आणखी चौदा टॅबलेट उघडून झाले. नऊ १.८ चे, पाच ३.३ चे. तिने त्यांचे दोन ढीग केले, उघड्या अंगाने शेजारी शेजारी मांडले आणि भिंग घेऊन एकेक इंच बघत राहिली. मालूबाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. शीतल मॅडमना बहुधा वाटलं असावं की हिचं काही खरं नाही. पाऊण तासाने ती म्हणाली, "सर, इथे बघा."

१.८ च्या प्रत्येक टॅबलेटवर एका कोपऱ्यात तिळाएवढा एक रेझिस्टर होता. ३.३ च्या प्रत्येक टॅबलेटवर ती जागा रिकामी. मीटरने माग काढला, तर त्या जागेतून निघालेली तार थेट प्रोसेसरच्या एका पायापर्यंत, म्हणजे पिनेपर्यंत, गेलेली. प्रकार उघड होता. कंपनीने दोन खेपा काढल्या, दुसऱ्या खेपेत चिप बदलली, नकाशा मात्र जुनाच ठेवला. पण कारखान्यातल्या कोणी शहाण्या माणसाने कोणती खेप कोणती, हे ओळखायला ही खूण ठेवली होती. बूटलोडरने जागा झाल्याबरोबर तो एक पाय वाचला तर त्याला कळणार होतं की आपण कोणत्या टॅबलेटमध्ये आहोत.

"मॅडम, लोगोवर अडकणाऱ्या टॅबलेटची तुम्ही यादी ठेवलीय का?" रंजिताने विचारलं. शीतल मॅडमनी रजिस्टर काढलं. त्या दिवशी उघडलेल्यांपैकी चार टॅबलेट त्या यादीत होते. चारही ३.३ च्या ढिगातले. बूटलोडर जागा झाला की फाइलीप्रमाणे त्यांनाही १.८ च देत होता, म्हणजे चिपला लागतात त्याहून कमी, म्हणून ते अडखळत होते. योहानने तक्रार ओळखली होती ती बरोबर, रंजिताने धोका ओळखला होता तोही बरोबर.

शुक्रवारी सकाळी तिने एकवीस टॅबलेटचा पंचनामा इंग्रजीत उतरवून पाठवला, सोबत मूळ कागदांचे फोटो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: सातव्या नोंदीत मी न बघता चुकीचा आकडा लिहिला; पंच मालूबाई यांनी तो पकडला. मी म्हटलं, हे कशाला लिहितेस, तुझ्याच विश्वासाला धक्का. तर आतून आप्पा म्हणाले, "सर, खाडाखोड झाकली का कागद मेला." बापलेकीपुढे माझं काही चाललं नाही.

दिवसभर कोणाचं उत्तर नाही. मोहितचे मात्र तीन फोन. संध्याकाळी पाचला, मी त्यांच्याकडेच होतो, योहानचा मेल आला. रंजिताने तो मोठ्याने वाचून मला आणि आप्पांना मराठीत सांगितला. त्याने लिहिलं होतं: मी माझा बदल मागे घेतो. तुमच्या खुणेचा फोटो पाहून मी माझा टॅबलेट उघडला. ती जागा रिकामी आहे. माझ्याजवळ एकच टॅबलेट होता, आणि एका टॅबलेटवरून बोलू नका असं मी तुम्हाला सांगत होतो. या पद्धतीचा पुरावा मी आजवर पाहिला नव्हता. नवा बदल मी लिहितो, तुम्ही तपासाल का?

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मी सरळ सांगतो, मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नवा बदल शनिवारी आला. आधी खूण वाचायची, मग व्होल्ट ठरवायचे. रंजिताने तो दोनदा परत पाठवला. एकदा खूण वाचण्याआधी क्षणभर थांबायला हवं म्हणून, आणि एकदा खूण नीट वाचता आली नाही तर १.८ वरच राहायचं, हे लिहायचं राहिलं म्हणून. वीस वर्षं मुरलेल्या त्या माणसाने दोन्ही वेळा दुरुस्ती केली आणि दोन्ही वेळा आभार मानले. बूटलोडरचा मुख्य सांभाळकर्ता मध्ये पडून म्हणाला की यापुढे या फाइलीतला कोणताही बदल रंजिता महाजन यांनी पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. सांभाळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव चढलं. मोहितचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाजात साखर. "मॅडम, आपने तो बचा लिया. करारचं टेन्शनच घेऊ नका."

एकाच गोष्टीवर ती अडली. बदलाखाली प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत तिने मालूबाईंचंही नाव घातलं होतं. नियम असा, की नावापुढे ईमेलचा पत्ता हवा. मालूबाईंना कुठला ईमेल? नाव काढा, असं एकाने सुचवलं. रंजिताने उत्तर दिलं की या बाईंनी आकडा वाचला नसता तर आपण सगळे चुकलो असतो, मीसुद्धा, म्हणून नाव निघणार नाही. शेवटी शाळेचा पत्ता टाकून ते मान्य झालं.

पुढच्या मंगळवारी नवा बूटलोडर शाळांमध्ये उतरला, आणि बुधवारी सकाळी आम्ही डोईफोडियाला हजर होतो. पाचवी ते आठवीची पोरं ओसरीत रांगेने बसली, प्रत्येकाच्या मांडीवर एक टॅबलेट. शीतल मॅडमनी हात खाली केला आणि साठ बोटांनी साठ बटणं दाबली. साठ लोगो उमटले. रंजिता खांबाला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून. एकेक स्क्रीन लोगो ओलांडून पुढे सरकू लागला. दहा, वीस, चाळीस. यादीतले सगळे अडेलतट्टूही पहिल्याच फटक्यात उघडले. सातवा नंबर शेवटून तिसरा उघडला. तो मी नजर लावून पाहत होतो, या वेळी शेळीबिळी काही नाही.

मॅडमनी मालूबाईंना हाक मारली आणि एका टॅबलेटवर तो बदल उघडून दाखवला. मालूबाई म्हणाल्या, "मले विंग्रजी येत नही. वाचा तुम्ही, पन बोट ठिवून वाचा." मॅडमनी बोट ठेवून वाचलं: "तपासलं, रंजिता भिकन महाजन, बुऱ्हाणपूर. प्रत्यक्ष पाहिलं, मालूबाई चुडामण, डोईफोडिया." मालूबाईंनी बोटाखालची अक्षरं बराच वेळ न्याहाळली.

"चार हजार म्हने. जळले असते का सगळे?"

"अर्ध्याच्या वर तरी जळले असते, मावशी," रंजिता म्हणाली.

"मंग बरं झालं मी अडून बसली."

 रंजिता वाकली आणि तिने मालूबाईंच्या पायांना हात लावला. तिच्यामागे ओसरीत साठच्या साठ टॅबलेट चालू होते.